‘गाठ’, ‘शीर’ आणि ‘पिसाळणे’ : श्वानरोगविषयक मराठी शब्दांचे परीक्षण

रोगवाचक शब्द ऐकणाऱ्याचे लक्ष योग्य जागी जाते की नाही, हीच त्या शब्दाची खरी कसोटी होय. श्वानांच्या मस्तकचेतांवरील अर्बुदांच्या संदर्भात रूढ मराठी शब्द या कसोटीस उतरत नाहीत.

मस्तकचेतांच्या १२ जोड्या असतात. श्वानांमध्ये त्यांपैकी पाचव्या, म्हणजे त्रिशाखी चेतेवर अर्बुदे विशेषेकरून आढळतात. ती बहुधा चेतेच्या आवरणातून उद्भवतात. चर्वणाच्या स्नायूंना चालना देणारी ही चेता निकामी झाली म्हणजे त्या बाजूचे स्नायू झिजतात व डोळ्यामागे खळगा पडतो. अर्बुद मात्र कवटीच्या आत असल्यामुळे हाताला लागत नाही.

पैनगंगेकाठच्या उमरखेड तालुक्यात काय किंवा अन्य मराठी मुलखात काय, अशा विकारास सामान्यतः ‘गाठ’ म्हणतात. ‘ग्रंथि’पासून आलेला हा शब्द बोटांना लागणारा उंचवटा सुचवितो. तो न सापडल्यास खळग्याचा दोष वार्धक्यास अथवा दातांस दिला जाणे स्वाभाविक आहे. ‘ग्रंथि’ व ‘अर्बुद’ हा भेद सुश्रुतसंहितेने केला होता. बोलीत तो उरला नाही.

चेतेच्या नावाचीही तीच अवस्था आहे. ‘शीर’ हा शब्द बोलीत रक्तवाहिनी व चेता या दोहोंसाठी चालतो. उलट ग्रंथांत एकाच चेतेस ‘मज्जातंतू’, ‘चेता’ व ‘तंत्रिका’ अशी तीन नावे आहेत. लोकभाषेने दोन वस्तूंस एक नाव दिले आणि विद्वानांनी एका वस्तूस तीन; संदिग्धतेचे उत्तरदायित्व दोघांकडेही जाते.

याहून घातक शब्द ‘पिसाळणे’ हा होय. दोन्ही त्रिशाखी चेता एकदम दुर्बळ झाल्यास कुत्र्याचा जबडा लोंबतो. पुष्कळदा हा दोष काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. परंतु अलर्क रोगाच्या पक्षाघाती प्रकारातही हेच चिन्ह दिसते. त्या प्रकारात उन्माद नसतो, आणि ‘पिसाळणे’ तर उन्मादच सुचविते. त्यामुळे शांत कुत्र्याच्या घशात हाड अडकले असावे, या समजुतीने मालक त्याच्या तोंडात हात घालतो व स्वतःचा जीव धोक्यात आणतो.

यास्तव पशुवैद्यकीय लेखनात ‘चेता’ हे एकच नाव स्थिर करावे. शालेय पुस्तकांमुळे ते परिचितही आहे. ‘अर्बुद’ या शब्दापुढे ‘बाहेर गाठ नसते, खळगा असतो’ एवढे स्पष्टीकरण द्यावे. लोंबत्या जबड्याच्या वर्णनात तर ‘पिसाळलेला न दिसला तरी तोंडात हात घालू नये’ हे वाक्य अवश्य असावे.