वसईचा आरंभ कोणाचा?

वसईच्या पूर्वेतिहासावरील ग्रंथांचे मूल्यमापन आपल्याकडे साधनांच्या विश्वसनीयतेवरच थांबते. त्यांच्या कथनरूपाचा विचार क्वचितच होतो. जर्सन द कुन्हा यांच्या चौल-वसईविषयक इंग्रजी ग्रंथात (१८७६) भर पडतो तो तट, चर्च आणि थडग्यांवरील लेख यांवर. नगर म्हणजे दगडात उरलेले नगर, हे गृहीतक त्यात निमूटपणे काम करते. त्यामुळे १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती आलेली वसईच आपल्या डोळ्यांपुढे ठसते.

राजवाड्यांनी १९२४ साली संपादिलेल्या महिकावतीच्या बखरीत मात्र प्रदेश उभा राहतो तो कुळे, गोत्रे आणि वतने यांच्या याद्यांतून. राजवाडे तिच्यातील शकांची कसून छाननी करतात, आणि ती आवश्यकही होती. तथापि याद्यांना केवळ कच्चा माल समजल्याने बखरीचा हेतूच नजरेआड होतो. ती हक्काची मांडणी आहे. आरंभ सांगणे हा तेथे दाव्याचा भाग असतो.

साष्टीच्या बखरीत हे अधिक उघड दिसते. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक तेथे नायक आहेत. १७३७ ते १७३९ ची मोहीम चिमाजी आप्पांच्या छावणीतून नव्हे, खाडीकाठच्या गावातून दिसते. या कथनाला घराण्याचा अभिमान चिकटलेला आहे, म्हणून अभ्यासक ते बिचकत वापरतात. मग किल्ल्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांचा पक्ष आपल्याला पक्ष का वाटत नाही?