राय नावाचा देश आणि पाचगणीचा पियानो

फ्रेडी मर्क्युरी ‘आपला’ होता, हे वाक्य मराठीत आता सवयीचे झाले आहे. २०१८ साली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा चित्रपट आला आणि त्या वाक्याला आणखी जोर चढला. त्यासाठी पुरावा एकच दिला जातो, तो म्हणजे पाचगणीची शाळा. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फर्रुख बलसारा हा पारशी मुलगा वयाच्या आठव्या वर्षी बोटीने मुंबईला आला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहिला. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तिथेच पडले. एवढे सांगून झाले की लेख संपतो. त्याच्या गाण्यात पाचगणी कुठे आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी अंबाजोगाईचा. असल्या दाव्यांची मला लहानपणापासून सवय आहे. आद्यकवी मुकुंदराज आमचे की विदर्भातल्या आंभोऱ्याचे, हा वाद मी अनेकदा ऐकला. समाधी दोन्हीकडे आहे. अंबानगरी नेमकी कोणती यावर माणसे तावातावाने बोलतात, पण शके १११० चा ‘विवेकसिंधू’ उघडून वाचायची वेळ त्यात फारशी कुणावर येत नाही. माणूस आपल्या गावचा ठरला की त्याचे काम वाचायची गरजच उरत नाही. पाचगणीच्या दाव्याचेही असेच झाले आहे. म्हणून इथे फ्रेडीचे एक गाणेच उघडून पाहतो. ज्याने ‘क्वीन’ या चौघांच्या बँडला पहिल्यांदा लोकांपुढे आणले, ते ‘सेव्हन सीज ऑफ राय’.

हे गाणे दोनदा घडले आणि ते दोन्ही वेळा छापले गेले, म्हणून अभ्यासकाला ते फार सोयीचे आहे. क्वीनचा पहिला अल्बम लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत तयार झाला, तोही बहुतांशी पैसे मोजणारी गिऱ्हाइके नसत अशा उरल्यासुरल्या वेळात. जुलै १९७३ मध्ये तो बाहेर आला. त्यातले ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’ हे गाणे सुटी तबकडी म्हणून काढले गेले आणि खपाच्या यादीत कुठेच दिसले नाही. गिटारचे गाणे म्हणून ते चांगले आहे, पण ते आपल्याच तोऱ्यात उभे राहायला वेळ घेते आणि रेडिओवरचा ऐकणारा तोवर थांबत नाही. त्याच अल्बमच्या अगदी शेवटी मिनिटभराहून थोडा मोठा, शब्द नसलेला एक तुकडा आहे. पियानो घरंगळत येतो, गिटार त्याच्यामागे येते आणि काही घडण्याआधीच आवाज विरून जातो. तो तुकडा म्हणजे आपल्या गाण्याचा पहिला मसुदा.

दुसऱ्या अल्बमसाठी मर्क्युरीने तोच तुकडा पुन्हा हाती घेतला. दोन्ही रूपे एकापाठोपाठ ऐकावीत. पहिल्यात पियानो चाचपडतो, दुसऱ्यात तो थेट अंगावर येतो. सूर तेच, पण गती वाढलेली आणि हात ठाम. मग गिटार आणि ड्रम एकदम कोसळतात आणि आवाज लगेच हुकूम सोडू लागतो. पावणेतीन मिनिटांत कुठेही विसावा नाही. मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचे आवाज एकावर एक चढवून केलेला समूहस्वर मधूनमधून उसळतो आणि तिघांचे तीस झाल्यासारखे वाटते. निर्माता रॉय थॉमस बेकर यालाही थरांवर थर चढवण्याचा सोस होता. कधीकधी तो अति होतो, असे माझे मत आहे. या अल्बमची काही गाणी त्या ओझ्याने वाकली आहेत. हे मात्र वाकत नाही, कारण पियानोची ती धावती आकृती त्याच्या पाठीचा कणा आहे.

पुढची गोष्ट नशिबाची. फेब्रुवारी १९७४ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात डेव्हिड बोवीची चित्रफीत दाखवायची होती, ती मिळाली नाही. रिकाम्या जागी क्वीनला बोलावले गेले. २१ फेब्रुवारीला लोकांनी त्यांना पडद्यावर पाहिले, तबकडी घाईघाईने बाजारात आली आणि ब्रिटनच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत चढली. तोवर मर्क्युरी केन्सिंग्टन मार्केटमधल्या कपड्यांच्या गाळ्याशी बांधलेला होता. त्यानंतर तो गाळा सुटला. रिकामी जागा नशिबाने मिळाली हे खरे, पण ती भरायला हातात काय होते, ते महत्त्वाचे. वर्षभर आधी असा योग आला असता, तर त्यांच्यापाशी तो अर्धवट तुकडाच होता.

आता पाचगणी. शाळेत १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्याचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता, ब्रूस मरे होता. हा तपशील आपले लेख गाळतात, आणि मला तर तोच सगळ्यांत बोलका वाटतो. पुढे जगाला आवाजाने वेड लावणारा हा मुलगा तेव्हा पियानोवर बसून दुसऱ्याच्या गाण्याला साथ देत होता आणि मागचे सूर भरत होता. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी कानांनी उचलायची आणि वाजवायची. शिवाय तो शाळेच्या गायकवृंदात होता आणि पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंत त्याने परीक्षा दिल्या होत्या. चरित्रकार सांगतात की मुलाचा हात पाहून मुख्याध्यापकांनी आईवडिलांना पत्र लिहिले, थोडी जादा फी भरलीत तर त्याला नीट शिकवता येईल, आणि त्यांनी ती भरली.

‘सेव्हन सीज’मधली पाचगणी ही अशी आहे. धावत्या बोटांचा पियानो आणि प्रार्थनेच्या वर्गातून आलेला समूहस्वर. पण या दोन्ही गोष्टी मराठी नाहीत, भारतीयही नाहीत. जॉन चेसनसारख्या इंग्रजांनी वसवलेल्या थंड हवेच्या गावात इंग्लंडचीच एक प्रत शिकवली जात होती. मर्क्युरीवर लता मंगेशकरांच्या गाण्याचा संस्कार होता, असेही लिहिले जाते. त्याने ती गाणी ऐकली असतील. या गाण्यात मला त्यांची खूण सापडत नाही, आणि ओढूनताणून एखादी मुरकी दाखवण्यात मला रस नाही.

राहिला ‘राय’ हा देश. वसतिगृहातल्या एकट्या मुलाने मनात रचलेले राज्य, असा अर्थ लावायचा मोह होतो. माझ्या जिल्ह्यात तो मोह जरा जपून आवरावा लागतो. आईबाप ऊसतोडीला गेले की बीडची किती मुले हंगामी वसतिगृहांत हिवाळा काढतात! एकटेपणाने गाणी होत असती, तर आमच्याकडे किती झाली असती. फरक त्या जादा फीचा आहे. आणि मुळात हा देश फ्रेडीने धाकटी बहीण काश्मिरा हिच्याबरोबरच्या खेळात रचला होता, म्हणजे तो शाळेचा नाही, घरचा आहे. बेटावर जन्मलेल्या आणि शाळेसाठी हिंदी महासागर ओलांडलेल्या मुलाला समुद्र नुसते ऐकून माहीत नव्हते, एवढे म्हणता येईल. पाचगणीच्या पठारावरून तो दिसतही नाही.

गाण्याचा शेवट मला सगळ्यांत आवडतो, आणि त्यावर मराठीत काही लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. राजाज्ञा, धमक्या, सात समुद्र असा सगळा थाट चाललेला असताना तो एकाएकी विरतो आणि मागून बेसूर, उत्साही माणसांचा घोळका १९०७ चे एक इंग्रजी लोकप्रिय गाणे म्हणू लागतो. सुटीच्या दिवशी समुद्रकिनारी जायला मिळाले याच्या आनंदाचे. सोबत स्टायलोफोन या खेळण्यासारख्या वाद्याची किरकिर. क्रांतीनंतर १९६४ साली झांझिबार सोडून कुटुंबासह इंग्लंडात आलेल्या तरुणाने आपला काल्पनिक समुद्र असा यजमानांच्या सहलीच्या समुद्रात सोडून दिला. हा मान तुकवणे आहे की थट्टा? मी थट्टेच्या बाजूने आहे, कारण त्या घोळक्यात तो स्वतःही ओरडतो आहे असे ऐकताना वाटते.

त्याच वर्षी आलेला पुढचा अल्बम, ‘शीअर हार्ट अटॅक’, जत्रेच्या गलक्याने सुरू होतो. त्या गलक्यात कुणीतरी शीळ घालत जातो, आणि ती शीळ त्याच किनाऱ्याच्या गाण्याची आहे. त्याच अल्बमवर ‘लिली ऑफ द व्हॅली’ नावाचे छोटे, हळवे गाणे आहे, जवळजवळ पियानोवरच उभे. सात समुद्रांचा एक निरोप्या त्यात येतो आणि सांगतो, रायच्या राजाचे सिंहासन गेले.