बूस्ट ग्लायडर : धुरापेक्षा तरंगणे मोलाचे

अग्निबाणासारखे वर जाऊन विमानासारखे तरंगत उतरणारे मॉडेल म्हणजे बूस्ट ग्लायडर. शालेय प्रकल्प म्हणून त्याची योग्यता किती?

कल्पना सुंदर आहे. सरळ वर जाताना वजन पुढे हवे, तरंगताना गुरुत्वमध्य थोडा मागे हवा. नवशिक्यांच्या मॉडेलमध्ये मोटर नाकाकडील नळीत असते. ती जळून संपली की नळी सुटून पडते, गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि पंखांचे काम सुरू होते. इस्रोचे आरएलव्ही-टीडी हे पंखांचे यान २३ मे २०१६ रोजी सुमारे ६५ किलोमीटर उंचीवर गेले, तेव्हाही बूस्टर वाटेतच वेगळा झाला होता.

दोष आहे शिकवण्याच्या क्रमात. प्रदर्शनात टाळ्या मिळतात धुराला. मॉडेल गिरक्या घेत कोसळले, तर कारण कोणी विचारत नाही. मोटरमध्ये फटाक्यांची दारू भरण्याचा मोह तर जिवावर बेतणारा. शिवाय भिवंडीजवळच्या पडघ्याला ४०० केव्हीचे उपकेंद्र आहे. अशा ठिकाणी मैदान मोकळे असले, तरी आकाश मोकळे नसते.

म्हणून आधी नुसता ग्लायडर करावा : थर्माकोलचे पातळ पंख, बांबूची काडी, नाकाला मातीची गोळी. भातकापणीनंतरच्या शेतात, तारांपासून दूर, हाताने सोडावा. नाक खाली घातले तर माती कमी करा, नाक उचलून अडखळला तर वाढवा. मग रबर ताणून जोरात सोडा. वेग दुप्पट झाला की उत्थापक बल चौपट होते आणि नीट तरंगणारा ग्लायडर उलटा वळसा घेतो. बूस्ट ग्लायडरची खरी अडचण मुलांना इथेच भेटते, दारूचा कणही न जाळता.