उःशाप नसलेला शाप

चित्रपटसमीक्षेच्या पंगतीत भयपटासाठी सहसा पाट मांडला जात नाही. त्यातही माणसाचा लांडगा होतो, या कल्पनेवरचे चित्रपट म्हणजे केसाळ मुखवट्यांचा पोरखेळ, अशीच सुशिक्षितांची समजूत असते. युनिव्हर्सल कंपनीचा, १९४१ च्या डिसेंबरात प्रदर्शित झालेला ‘द वुल्फ मॅन’ हा अवघ्या ७० मिनिटांचा चित्रपट मात्र या समजुतीला अपवाद आहे. त्याचे सामर्थ्य भयात नसून शोकात आहे.

कथानक साधे आहे. थोरल्या भावाच्या मृत्यूमुळे लॅरी टॅलबट अठरा वर्षांनी अमेरिकेहून वेल्समधील आपल्या घरी परततो. एका रात्री रानात एका तरुणीवर लांडगा झडप घालतो. तिची किंकाळी ऐकून लॅरी धावत जातो, चांदीच्या मुठीच्या काठीने त्या श्वापदाला ठार करतो. पण त्या झटापटीत त्याचे दात लॅरीला लागतात. पुढे तो स्वतःच वृकमानव होतो.

आपल्या पुराणकथांतील शापाला एक न्याय असतो. आधी प्रमाद, मग शाप आणि पाठोपाठ उःशाप. कितीही कठोर ऋषी असला तरी सुटकेची एखादी फट तो ठेवतोच. लॅरीचा प्रमाद कोणता? दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी तो धावला, एवढाच. सत्कृत्यातूनच शाप जन्मावा आणि त्याला मरणाखेरीज उःशाप नसावा, ही या कथेतील खरी भीषणता होय. पटकथाकार कर्ट सिओडमॅक हा जर्मनीतील ज्यू. नाझी सत्तेवर आल्यावर, १९३३ मध्ये त्याने मायदेश सोडला. पुढच्या बळीच्या तळहातावर वृकमानवाला पंचकोनी तारा दिसतो, या कल्पनेत काही टीकाकारांना ज्यूंवर लादलेल्या ताऱ्याची सावली दिसते. तो तारा षट्कोनी होता, तेव्हा हे समीकरण फार ताणू नये; पण निरपराध माणसावर अकस्मात खूण उमटणे म्हणजे काय, हे सिओडमॅकला पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते, एवढे निश्चित.

चित्रपटात दोष आहेत. ज्याच्या दंशाने लॅरी शापित होतो तो जिप्सी चार पायांचा लांडगा होतो, लॅरी मात्र दोन पायांवरच चालतो. याचा खुलासा कोठेही नाही. हे रूपांतर केवळ लॅरीच्या मनाचा खेळ असावे की काय, हा संशय सिओडमॅकला अखेरपर्यंत राखायचा होता. निर्मात्यांना डोळ्यांना दिसणारा राक्षस हवा होता. जॅक पियर्सची रंगभूषा कितीही नामांकित असली, तरी त्या संशयाची भरपाई तिने होत नाही.

तरीही चित्रपट तरतो, तो क्लॉड रेन्सने उभ्या केलेल्या पित्यामुळे. सर जॉन हे विद्वान, दुर्बिणीतून आकाश न्याहाळणारे गृहस्थ. मुलाची व्यथा म्हणजे मनाचा विकार, असे त्यांचे निदान असते. भ्रम नाहीसा व्हावा म्हणून ते लॅरीला खुर्चीला बांधून शिकारीला निघतात. ती काठी बरोबर नेण्याविषयी लॅरीच त्यांना विनवतो. त्याच काठीने ते धुक्यात एका श्वापदाला ठेचतात आणि पायाशी पडलेल्या देहाला हळूहळू मुलाचा चेहरा येतो. दूरचे तारे ओळखणाऱ्या बापाला जवळचे दुःख ओळखता आले नाही. भयानकाचे करुणात पर्यवसान होते ते येथे.

पुढे धाकट्या लॉन चॅनीने आणखी चार चित्रपटांत लॅरी रंगविला. १९४५ मध्ये त्याला शस्त्रक्रियेने बरे केले गेले, १९४८ च्या विनोदी चित्रपटात पुन्हा शापित केले गेले. धंद्याच्या सोयीने मिळालेला उःशाप तो; त्याला मोल कोठले? १९६१ मध्ये हॅमर कंपनीच्या ‘द कर्स ऑफ द वेअरवुल्फ’मध्ये टेरेन्स फिशरने हा विषय स्पेनमध्ये नेला. तेथेही ऑलिव्हर रीडने साकारलेल्या नायकावर चांदीची गोळी झाडावी लागते ती त्याच्या पालकपित्यालाच. फरक एवढाच, की हा पिता जाणून मारतो आणि सर जॉन नकळत. त्यामुळे पहिल्याचे दुःख त्यागाचे ठरते, दुसऱ्याचे केवळ उद्ध्वस्त करणारे.

शेवटी पोलीस अधिकारी मूर्च्छित पडलेल्या नायिकेकडे आणि लॅरीच्या प्रेताकडे पाहून तर्क करतो, की लांडग्याने तिच्यावर हल्ला केला असावा आणि लॅरी तिला वाचवायला धावला असावा. त्या रात्रीपुरते हे साफ खोटे आहे. पण पहिल्या रात्री नेमके हेच घडले होते. दैवाने नाकारलेला न्याय लॅरीला असा एका चुकीच्या तर्कातून मिळतो. आणि तो ऐकून घेणारा पिता एक शब्दही बोलू शकत नाही.