हुकलेली वारी : संतपरंपरेतील ‘घरी राहण्या’चे तीन अर्थ

बीजसंज्ञा : वारी, नेम, संतचरित्र, पत्रिकेचे अभंग, ग्रामीण वारकरी

प्रस्तावना :

वारी म्हणजे ठरलेल्या काळी ठरलेल्या ठिकाणी पुनःपुन्हा जाणे. पंढरपूरला एकदा जाऊन आल्याने कोणी वारकरी होत नाही. नेम चालविल्याने होतो. म्हणूनच वारी हुकणे ही वारकऱ्याच्या दृष्टीने केवळ रद्द झालेल्या प्रवासासारखी गोष्ट नसते, तो नेमातील खंड असतो. मराठीत वारीविषयी पुष्कळ लेखन झाले आहे. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४) हे पुस्तक ही त्यातील ठळक उदाहरणे होत. परंतु या लेखनाचे लक्ष स्वाभाविकपणेच चालणाऱ्यांकडे आहे. जे निघू शकले नाहीत, त्यांचा विचार त्यात फारसा येत नाही.

कोविड-१९ च्या साथीमुळे हा विचार अटळ झाला. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी गावोगावच्या दिंड्यांना पायी जाता आले नाही. १ जुलै २०२० आणि २० जुलै २०२१ या दिवशी आलेल्या आषाढी एकादश्यांना मानाच्या मोजक्या पालख्यांतील पादुका एस. टी. बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. उरलेले वारकरी घरी राहिले. त्या काळात भाषणांतून आणि लेखांतून एक विधान वारंवार ऐकू आले : भाव असेल तर घरीच पंढरी आहे, सावता माळी तरी कोठे पंढरपूरला गेले होते? साथीच्या काळात घरी राहणे आवश्यक होते, याविषयी दुमत नाही. प्रश्न त्या निर्णयाचा नसून त्याला दिलेल्या साहित्यिक आधाराचा आहे. संतपरंपरेतील ‘घरी राहणे’ खरोखरच एकच आहे काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी चरित्रकथा व अभंग यांतील निवडक प्रसंगांचे तीन गट केले असून शेवटी केदारखेडा (ता. भोकरदन, जि. जालना) परिसरातील एका अनुभवाच्या आधारे त्यांची कसोटी पाहिली आहे.

१. निवडलेले राहणे : पुंडलिक आणि सावता माळी

पंढरपूर हे क्षेत्रच मुळात एका अर्धवट राहिलेल्या यात्रेतून निर्माण झाले, ही बाब लक्षणीय आहे. पुंडलिकाची प्रचलित कथा अशी की, आईवडिलांची हेळसांड करणारा हा पुत्र काशीयात्रेला निघाला. वाटेत कुक्कुट मुनींच्या आश्रमात त्याला मातृपितृसेवेचे माहात्म्य कळले आणि तो परत फिरला. पुढे देव दारी आला, तेव्हा सेवेत खंड नको म्हणून त्याने वीट फेकली. ज्या विटेच्या दर्शनासाठी लक्षावधी लोक वाट चालतात, ती वीट एका मोडलेल्या यात्रेची खूण आहे.

सावता माळी यांचे उदाहरण याच स्वरूपाचे आहे. अरण (ता. माढा, जि. सोलापूर) येथील या संताने मळ्यातील कामातच विठ्ठल पाहिला, त्यांच्या अभंगांत भाजीपाला, मोट, विहीर ही देवाची रूपे होऊन येतात. आजही परंपरा अशी की, इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, तर सावतोबांच्या भेटीला विठ्ठलाचीच पालखी अरणला येते. काशीहून रामेश्वराकडे न्यावयाच्या कावडीतील गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजणाऱ्या पैठणच्या एकनाथांची कथाही याच गटात बसते.

या तिन्ही कथांत एक समान धागा आहे. न जाण्याचा किंवा यात्रेचा ठरलेला हेतू सोडण्याचा निर्णय त्या त्या व्यक्तीचा स्वतःचा आहे. जाण्याची वाट मोकळी होती. तिच्याहून मोठे असे काही समोर आले. पुंडलिकाजवळ आईवडील, सावतोबांजवळ मळा, नाथांसमोर तडफडणारा जीव. म्हणून या कथांत उणीव जाणवत नाही. येथे घरी राहणे हीच साधना आहे.

२. लादलेले राहणे : सखू आणि चोखामेळा

दुसऱ्या गटातील व्यक्तींना निवडीचा अधिकारच नाही. कऱ्हाडच्या सखूची कथा कीर्तनांतून आणि पुढे ‘प्रभात’च्या ‘संत सखू’ (१९४१) या चित्रपटातून घरोघरी पोहोचली. पंढरीला निघालेल्या सुनेला सासरचे लोक खांबाला बांधून ठेवतात. विठ्ठल तिचे रूप घेऊन स्वतःला बांधून घेतो आणि सखू पंढरपूरला जाते.

या कथेकडे बहुधा चमत्कारकथा म्हणून पाहिले जाते. परंतु तिचा तर्क ध्यानात घेण्यासारखा आहे. ‘घरीच पंढरी’ हे तत्त्व येथे लागू करायचे असते, तर विठ्ठलाने खांबाला बांधलेल्या सखूला तेथेच दर्शन दिले असते आणि कथा संपली असती. कथाकार तसे करीत नाही. तो देवाला घरी ठेवतो आणि बाईला वाटेला लावतो. सासरचे दळण, पाणी, मारझोड देवाच्या वाट्याला येते. सखूचे जाणे इतके न्याय्य आहे की त्यासाठी देवालाच तिच्या जागी उभे राहावे लागते. घरी राहण्याचे उदात्तीकरण ही कथा करीत नाही. उलट, ते नाकारते.

चोखामेळ्याची स्थिती याहून कठीण आहे. मंगळवेढ्याहून पंढरपूर दूर नाही. चोखोबा तेथवर पोहोचतात आणि तरीही यात्रा पुरी होत नाही, कारण महाद्वाराच्या आत प्रवेश नाही. त्यांच्या अभंगांतील वेदना वाट न चालल्याची नाही, वाट चालूनही बाहेर राहिल्याची आहे. देव सर्वत्र आहे, हे चोखोबांना ठाऊक नव्हते असे नाही. पण तेवढ्याने त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. ते उत्तर मिळण्यास १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले झाले. ‘देव अंतरीच आहे’ हे वचन ज्याच्यापुढे दार मोकळे आहे त्याने उच्चारले तर तत्त्वज्ञान असते. दार अडविणाऱ्याने उच्चारले तर ते दार अडविण्याचे समर्थन होते. बोलणारा कोण, यावरून विधानाचा अर्थ बदलतो.

३. अगतिक राहणे : तुकोबांचे पत्र

तिसरा प्रकार सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. जायचे असते, कोणी अडविलेलेही नसते, पण देह किंवा परिस्थिती साथ देत नाही. तुकाराम महाराजांच्या गाथेतील पत्रिकेचे अभंग या अवस्थेचे श्रेष्ठ उदाहरण होत. परंपरा सांगते की, आजारपणामुळे तुकोबांना पंढरीस जाता आले नाही. तेव्हा त्यांनी वारीला निघालेल्या संतांबरोबर विठ्ठलास पत्र पाठविले. हे पत्र अभंगरूप आहे. संत परत येईपर्यंतच्या प्रतीक्षेचे अभंगही त्यास जोडून येतात.

या अभंगांचा विशेष असा की, त्यांत सांत्वन जवळजवळ नाही. ज्या कवीच्या गाथेत देव सर्वव्यापी असल्याचे प्रतिपादन जागोजागी आहे, तो कवी येथे त्या प्रतिपादनाचा आधार घेत नाही. तो रुसतो, विसरल्याचा ठपका ठेवतो, निरोप मागतो. पंढरी हे माहेर होते आणि कवी सासुरवाशीण. देव बोलावीत आहे, ही वार्ता कोणाच्या तोंडून ऐकावयास मिळेल, असा त्याचा घोर आहे. कपाळावर हात धरून वाट पाहणारी ही व्यक्ती आत्मज्ञानाने तृप्त झालेली नाही; ती मागे राहिलेली आहे आणि मागे राहिल्याचे तिला लपवायचे नाही.

येथे समीक्षकाने एक प्रश्न विचारावयास हवा. सर्वात्मभाव आणि ही तळमळ यांत विसंगती आहे काय? प्रस्तुत अभ्यासकाच्या मते नाही. देव सर्वत्र असला तरी संतसंग सर्वत्र नसतो. वारीत देवदर्शनाइतकेच महत्त्व बरोबर चालण्याला आहे, हे ‘वाटचाल’ व ‘पालखी’ या दोन्ही लेखनांतून स्पष्ट होते. घरी देव मिळेल. दिंडी कशी मिळणार? तुकोबांचे पत्र संतांच्या हाती जाते, म्हणजे जी सोबत अंतरली तिच्याच हाती ते सोपविले जाते. हुकलेल्या वारीचा खरा तोटा कोणता, हे यातून कळते.

४. केदारखेडा परिसरातील अनुभव

जालना-भोकरदन रस्त्यावरील केदारखेडा हे पूर्णाकाठचे शेतकरी गाव. येथील कोरडवाहू शेतकऱ्याची वारी पावसावर अवलंबून असते. मृगात पाऊस झाला, पेरणी उरकली, तर दिंडीबरोबर निघता येते. पाऊस लांबला किंवा दुबार पेरणीचे संकट आले, तर वारी हुकते. म्हणजे तिसऱ्या प्रकारचे राहणे येथे साथीपूर्वीही अपरिचित नव्हते. २०२० मध्ये फरक एवढाच की, ते एकाच वेळी सर्वांच्या वाट्याला आले. गावोगावच्या मंदिरांची दारेही मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत बंद होती. तालुक्यातील राजूरच्या गणपतीचे दर्शनही त्यास अपवाद नव्हते.

या परिसरातील एका वृद्ध माळकरी बाईंचा अनुभव येथे नोंदवावासा वाटतो. आपल्या वाऱ्या त्या बोटांवर मोजून सांगत. १ जुलै २०२० रोजी घरच्यांनी अंगणात तुळशीवृंदावनाभोवती प्रदक्षिणा घालून, हरिपाठ म्हणून एकादशी साजरी केली. बाईंनी सर्व काही मनापासून केले. संध्याकाळी नातवाने, आजी, ही पण वारीच झाली, ही मोजून घे, असे सुचविले. बाईंनी ती धरली नाही. पुढील वर्षीचीही धरली नाही. २०२२ मध्ये वारी पूर्ववत सुरू झाली, तेव्हा गुडघ्यांनी साथ सोडली होती. त्यांची मोजणी २०१९ पाशी थांबली आहे.

या नकारात अश्रद्धा नाही, हट्टही नाही. अंगणातील प्रदक्षिणा ही उपासना होती, हे त्यांना मान्यच होते. ती वारी होती, एवढेच त्यांना मान्य नव्हते. घरच्यांनी प्रेमाने सावतोबांचा दाखला दिला. बाईंची जागा मात्र तुकोबांच्या पत्रात होती. सांत्वन चुकीचे नव्हते, दाखला चुकीचा होता.

निष्कर्ष :

१. संतपरंपरेतील ‘घरी राहणे’ एकसंध नाही. निवडलेले, लादलेले आणि अगतिक असे त्याचे किमान तीन प्रकार संभवतात व त्यांचे भावविश्व परस्परांहून भिन्न आहे.

२. पहिल्या प्रकारातील उदाहरणे इतर दोहोंना लावल्यास अर्थाची हानी होते. सखू व चोखामेळा यांच्या बाबतीत तर ती अन्यायाच्या समर्थनापर्यंत जाऊ शकते.

३. पत्रिकेचे अभंग हे हुकलेल्या वारीचे मराठीतील महत्त्वाचे साहित्य असून ते सांत्वनापेक्षा तळमळीला अधिक प्रामाणिक मानते.

४. साथीच्या काळातील वारीवर पुढे होणाऱ्या अभ्यासात बसने गेलेल्या पादुकांइतकीच नोंद घरी राहिलेल्या वारकऱ्यांचीही व्हावयास हवी. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी ज्या गावांतून येतात, तेथे हे वारकरी आज आहेत. त्यांचे अनुभव टिपून घेण्याचे काम मराठी, इतिहास व समाजशास्त्र या विभागांना एकत्रितपणे करता येण्यासारखे आहे. ते करताना वारी का हुकली, एवढेच विचारून भागणार नाही. ती त्यांनी मोजली की नाही, हेही विचारावे लागेल.