गृहभेटीचा रकाना

आईबापांविना किंवा एकाच पालकाजवळ असलेले मूल संस्थेत न धाडता कुटुंबातच वाढावे, हे बालसंगोपन योजनेचे तत्त्व. सावंगी (मेघे) येथील माझे विद्यार्थी तिच्यावर प्रकल्प लिहितात, तेव्हा लाभार्थी मोजतात. हे संशोधन नव्हे, हजेरी झाली. मूल घरी टिकले ते कशामुळे? २०२३ साली मासिक मदत १,१०० वरून २,२५० रुपये झाली. ती रखडली त्या महिन्यांत कोणती मुलगी शाळा सोडून कापूस वेचायला गेली, हे विचारा. पैशाचे काम तिथे दिसेल. प्रश्नावलीत कुटुंबाची जात विचारतात, गृहभेटीला येणाऱ्याची नाही. तो वस्तीत उंबरठ्याबाहेरच उभा राहिला, पाणी नाकारले, तर आजी त्याला घरातले खरे काय म्हणून सांगेल?