वृद्धांमधील पडण्याच्या भीतीचे मापन : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
वृद्धावस्थेत पडणे ही केवळ शारीरिक दुर्घटना नसते. पडल्यानंतर, आणि कित्येकदा न पडताही, मनात पडण्याची भीती घर करते. भीतीमुळे हालचाल कमी होते, त्यामुळे स्नायू दुर्बल होतात, तोल ढळतो आणि पडण्याचा धोका वाढतो. म्हणूनच या भीतीचे मापन महत्त्वाचे ठरते. तथापि प्रचलित मापनश्रेणी नेमके काय मोजतात, हा प्रश्न उरतोच.

मापनश्रेणींचे स्वरूप :
मेरी टिनेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘फॉल्स एफिकसी स्केल’ ही श्रेणी मांडली. तिचा आधार बांडुरा यांची स्वक्षमतेची संकल्पना हा होय. स्नान करणे, कपडे घालणे, खुर्चीतून उठणे अशा १० कृती न पडता करण्याविषयी किती आत्मविश्वास वाटतो, हे तीत विचारले जाते. पॉवेल व मायर्स यांच्या १९९५ च्या श्रेणीत १६ कृती असून बर्फाळ पदपथावरून चालणे ही त्यांपैकी एक आहे. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत १६ प्रश्न असून एकूण गुण १६ ते ६४ असतात. तीत घराबाहेरील व सामाजिक कृतींचाही समावेश झाला, ही तिची जमेची बाजू होय.

चिकित्सा :
आत्मविश्वासाचा अभाव म्हणजे भीती नव्हे. सुनेचा हात धरून निर्धास्तपणे देवळात जाणाऱ्या वृद्धेला एकटीने जाण्याचा आत्मविश्वास नसेल. पण म्हणून ती भयग्रस्त ठरत नाही. याउलट, ज्याने जिना चढणेच सोडले आहे, त्याला जिन्याची भीती रोज जाणवत नाही. आंतरराष्ट्रीय आवृत्तीत न केल्या जाणाऱ्या कृतीविषयी कल्पनेने उत्तर देण्यास सांगितले जाते. मात्र अशा उत्तराला अनुभवाचे मोल देता येत नाही.

दुसरा प्रश्न जीवनपद्धतीचा आहे. महाराष्ट्रातील वृद्धांची परीक्षा खुर्चीपेक्षा जमिनीवरून उठताना, उकिडवे बसण्याच्या शौचालयात, ओल्या न्हाणीत आणि एस.टी.च्या उंच पायरीवर होते. या कृती वगळल्यास गुण कमी येतील आणि साहाय्याची गरज असलेली व्यक्ती निर्भय म्हणून नोंदली जाईल.

तिसरा प्रश्न भाषेचा आहे. आंतरराष्ट्रीय आवृत्तीत ‘भीती’ हा शब्द टाळून सौम्य शब्द योजला आहे. त्यासाठी मराठीत ‘काळजी’ हा शब्द सहज सुचतो. परंतु काळजी ‘वाटते’ तशीच ती ‘घेतली’ही जाते. सावधपणे वागणारी वृद्धा ‘हो, फार काळजी घेते’ असे म्हणाली, तर तिच्या शहाणपणाचीच भीती म्हणून नोंद होण्याचा संभव आहे.

निष्कर्ष :
या श्रेणी निरुपयोगी आहेत, असा येथे दावा नाही. परंतु केवळ शब्दशः भाषांतर पुरेसे नाही. स्थानिक कृतींचा समावेश, सोडून दिलेल्या कृतींची स्वतंत्र नोंद आणि त्या सोडण्यामागील कारणांची विचारपूस आवश्यक आहे. अन्यथा ज्या वृद्धाने भीतीपोटी घराचा उंबरठा ओलांडणेच सोडले, तोच गुणपत्रिकेत सर्वांत निर्भय दिसेल.